नवनृत्य आणि जिवतीची दंडारी

कलांच्या पंक्तींत आमच्या सुशिक्षित मराठी समाजानें नृत्याचें पान नेहमीं शेवटीं मांडलें. गायनाला दिवाणखान्यांत बैठक मिळाली, नाटकाला घरच्या माणसाचा मान मिळाला; नृत्य मात्र कित्येक पिढ्या उंबरठ्याबाहेर उभें होतें. पुढें त्याला आंत घेतलें तेंही भरतनाट्याचा किंवा कथ्थकाचा शालू पांघरवून आणि देवादिकांच्या कथा सोबतीला देऊन. आज मध्यमवर्गीय घरांत मुलीनें नृत्य शिकणें भूषणाचें मानतात आणि अरंगेत्रमाच्या पत्रिका लग्नपत्रिकांच्या थाटांत छापतात, हें चांगलेंच झालें. परंतु हीच मंडळी एखाद्या संध्याकाळीं नवनृत्याच्या प्रयोगास जातात तेव्हां त्यांची मोठी पंचाईत होते. रंगमंचावर एक मनुष्य साध्या कपड्यांत येतो, बराच वेळ नुसता उभा राहतो, मग एक खांदा हलवितो. ना पद, ना कथा, ना ओळखीची मुद्रा. अर्ध्या तासानें शेजारच्या खुर्चीवरून हळूच प्रश्न येतो, "ह्याचा अर्थ काय?"

ह्या प्रश्नाला हंसण्याचें कारण नाहीं. तो फार जुना आणि फार प्रतिष्ठित प्रश्न आहे. नाट्यशास्त्राच्या चौथ्या अध्यायांत मुनिजनांनीं भरताला हाच प्रश्न विचारला आहे. गीताच्या अर्थाशीं ज्याचा कांहीं संबंध नाहीं असें नृत्त निर्माण करण्याचें प्रयोजन काय, असें त्यांचें म्हणणें. भरतानें उत्तर दिलें कीं, नृत्ताला कोणत्याही अर्थाची अपेक्षा नसते; तें शोभा उत्पन्न करतें, म्हणून तें प्रवृत्त झालें. पुढें दहाव्या शतकांत धनंजयानें 'दशरूपकां'त नृत्त तें ताललयाच्या आश्रयानें राहणारें आणि नृत्य तें भावाच्या आश्रयानें राहणारें, असा भेद स्पष्ट केला. आमच्या रसिकांचें मन अजूनही ह्याच दोन कप्प्यांत वावरतें. अर्थ नसेल तर निदान शोभा असावी. शोभा नसेल तर निदान अभिनयानें पदाचा अर्थ तरी कळावा. नवनृत्याचा दावा तिसराच आहे. शरीराची हालचाल ही केवळ शोभेची वस्तु नाहीं आणि शब्दांचें भाषांतरही नाहीं. ती स्वतःच एक उक्ति आहे, असा तो दावा. आम्हांस हा दावा मान्य आहे. परंतु उक्ति म्हटली कीं बोलणारा कोण, हा प्रश्न येतो, आणि नवनृत्याचे पुरस्कर्ते त्याचें जें उत्तर देतात तें मात्र आम्हांस मान्य नाहीं.

तें उत्तर एका शब्दांत सांगावयाचें तर 'आत्माविष्कार' हें होय. नर्तक स्वतःचें अंतरंग प्रकट करतो. रूढीचीं बंधनें झुगारून तो मोकळा होतो. आणि जितका मोकळा तितका तो अस्सल. ह्या मताचें मूळ इसाडोरा डंकन हिच्या चरित्रांत सांपडतें. १८७७ सालीं सॅन फ्रॅन्सिस्को येथें जन्मलेल्या ह्या बाईनें बॅले नृत्याचे घट्ट बूट आणि कांचोळी फेंकून दिली, अनवाणी पायांनीं आणि सैल झग्यांत ती नाचली, आणि १९२७ सालीं मरण पावेपर्यंत तिनें युरोपास वेड लावलें. तिचें बंड खरें होतें, कारण तिच्यापुढें फेंकून देण्यासारखें कांहीं तरी होतें. तिच्या मागून आलेल्या शेंकडों जणांनीं मात्र बंडाची फक्त निशाणी उचलली. आज आमच्या शहरांतील नृत्यप्रयोगांचीं माहितीपत्रकें पाहावीं. 'स्वतःचा शोध', 'मुक्त शरीर', 'अंतर्मनाचा हुंकार' हे शब्द त्यांत हटकून भेटतात. पडदा उघडल्यावर जें दिसतें तें बहुधा एकाच कारखान्यांतून निघाल्यासारखें असतें. सर्वांचीं अंतर्मनें एकाच साच्याचीं कशीं, हें कोडें त्या पत्रकांनीं उलगडलेलें नसतें.

ह्याच पंथांतील ज्या कृति आज सर्वमान्य आहेत त्या जरा नीट पाहिल्या तर मोठी मौज दिसते. मेरी विगमन ही जर्मन नर्तकी आत्माविष्काराच्या पंथाची अध्वर्यु समजली जाते. तिचें 'चेटकिणीचें नृत्य' हें १९२६ सालचें दुसऱ्या रचनेचें रूप विशेष गाजलें. त्यांत ती मुखवटा घालून आणि जमिनीवर बसून नाचते. म्हणजे जिनें आपलें अंतरंग दाखवावयाचें तिनें प्रथम आपला चेहरा झांकला, आणि जिनें मुक्त व्हावयाचें तिनें उभें राहण्याचा हक्कही सोडला! अमेरिकेंतील मार्था ग्रॅहम हिची 'विलाप' ही एकपात्री कृति १९३० सालची. एका बांकावर बसलेली स्त्री, नखशिखांत ताणल्या जाणाऱ्या कापडाच्या नळींत गुंडाळलेली. चेहरा, हात आणि पावलें एवढींच बाहेर दिसतात. ती हलते म्हणजे ते कापड ताणलें जातें. कोपर आंतून बाहेर रेटतो, गुडघा आडवा येतो, आणि शोकाची आकृति आपल्या डोळ्यांसमोर तयार होते. कोण रडत आहे, कोणासाठीं रडत आहे, हें आपल्याला कळत नाहीं आणि त्याची गरजही भासत नाहीं. ती नळी काढून घ्या आणि त्याच नर्तकीला मोकळ्या रंगमंचावर हात पसरून शोक करूं द्या. उरेल तो नाटकी आक्रोश.

ह्याच्या उलट उदाहरणही त्याच देशांतलें देतां येतें. मार्था ग्रॅहम जिच्या शाळेंत शिकली त्या रूथ सेंट डेनिस हिला पौर्वात्य नृत्याची स्फूर्ति झाली ती सिगारेटच्या जाहिरातीवरील इजिप्शियन देवीचें चित्र पाहून. १९०६ सालीं न्यूयॉर्कमध्यें तिनें 'राधा' नांवाचें नृत्य केलें, आणि हिंदुस्थानचें दर्शन तिला घडलें तें त्यानंतर वीस वर्षांनीं, १९२६ सालच्या दौऱ्यांत. तिची हौस प्रामाणिक होती, तिचें कौशल्यही थोर होतें. पण त्या राधेचें सारें वैभव पोषाखांतच होतें. राधेच्या भक्तीनें जें बंधन घातलें असतें तें तिच्यावर नव्हतें, आणि म्हणून जें बोलावयाचें तें दागिन्यांना बोलावें लागलें. विगमन आणि ग्रॅहम ह्यांच्या कृतींतला आणि ह्या राधेंतला फरक आमच्या मतें नव्या-जुन्याचा नाहीं. पहिल्या दोघींनीं कांहीं तरी सोडलें होतें. तिसरीनें केवळ कांहीं तरी घातलें होतें.

आमच्याकडील इतिहास पाहिला तरी हाच निष्कर्ष निघतो. उदयशंकर (१९०० ते १९७७) हे लंडनमध्यें चित्रकला शिकत असतां १९२३ सालीं अॅना पाव्हलोव्हा हिच्याबरोबर 'राधाकृष्ण' नृत्यांत रंगमंचावर आले. कोणत्याही एका शास्त्रीय परंपरेचें पूर्ण शिक्षण त्यांनीं तोंवर घेतलेलें नव्हतें. त्यांच्या देखण्या देहानें आणि चित्रकाराच्या नजरेनें युरोप दिपला. तथापि त्यांची जी कृति आज विचार करावयास लावते ती 'श्रम आणि यंत्र', जींत माणसांचे हातपाय यंत्राच्या दांड्यांप्रमाणें फिरतात. तेथें नटाला आपलें सौंदर्य मिरवितां येत नाहीं. त्यांच्या अलमोड्याच्या संस्थेंतून निघालेले शांति बर्धन मुंबईस आले आणि १९४४ पासून अंधेरीस लोकनाट्य संघाच्या मध्यवर्ती पथकाचे नृत्यदिग्दर्शक झाले. १९५२ सालीं त्यांनीं मुंबईंत 'लिटल बॅले ट्रूप' काढला आणि 'रामायण' बसविलें. ह्या रामायणांतील सर्व पात्रें कळसूत्री बाहुल्यांप्रमाणें वावरतात: सांधे ताठ, वळणें काटकोनांत, चेहऱ्यांवर मुखवटे. अभिनयाचीं सर्व हुकमी साधनें नटांच्या हातून काढून घेतलेलीं. आणि तरीही रामकथेंतील दैवाधीनता, कोणी तरी वरून दोरी ओढीत आहे ही जाणीव, तेथें जशी प्रत्ययास येते तशी अश्रु ढाळणाऱ्या रामांनीं भरलेल्या नाटकांतून क्वचितच येत असेल. बर्धन १९५४ सालीं क्षयानें वारले. पुढें हें पथक ग्वाल्हेरास आणि मग भोपाळास गेलें. परंतु त्याचा जन्म मुंबईचा, ही गोष्ट मराठी रसिकांनीं विसरूं नये.

त्याच मुंबईंत आचार्य पार्वतीकुमार ह्यांनीं मोठमोठीं नृत्यनाट्यें बसविलीं आणि नंतर आपलें आयुष्य तंजावरच्या सरफोजी महाराजांच्या मराठी निरूपणांच्या अभ्यासास वाहिलें. मोकळ्या मैदानांतून ते आपण होऊन चौकटींत गेले. वाडा येथें १९२८ सालीं जन्मलेल्या चंद्रलेखा ह्यांचा प्रवास दिसावयास ह्याच्या उलट, पण आंतून त्याच जातीचा. भरतनाट्यांत नांव मिळविल्यावर त्यांनीं रंगमंच कित्येक वर्षें सोडला, आणि १९८५ सालीं 'अंगिका' घेऊन त्या परतल्या तेव्हां दागिने, देवकथा, नायिकेची विरहव्यथा हें सर्व गळून पडलें होतें. राहिली होती अडवूंची भूमिति, कळरिपयट्टूची झेप आणि योगासनांचा श्वास. २००१ सालच्या 'शरीर' ह्या त्यांच्या अखेरच्या रचनेंत दोनच देह आहेत, ध्रुपदाची साथ आहे, आणि गति इतकी संथ कीं पाय उचलून ठेवणें हीच एक घटना होते. घाई करण्याची जी मुभा प्रत्येक नर्तकाला असते ती तेथें नाहीं. मुंबईकर अस्ताद देबू (१९४७ ते २०२०) मणिपूरच्या मृदंगवादक नर्तकांबरोबर अनेक वर्षें काम करीत राहिले. पण त्यांचा फेटा स्वतःच्या डोक्यावर बांधून ते मणिपुरी झाले नाहींत. त्यांची शिस्त त्यांच्याजवळ राहिली, देबूंची संथ गिरकी देबूंजवळ राहिली, आणि दोन्ही व्रतें शेजारीं शेजारीं उभीं राहिलीं.

'व्रत' हा शब्द आम्हीं मुद्दामच वापरला. नवनृत्य आत्माविष्कारानें जगतें हें मत चुकीचें असून तें व्रतानें जगतें, हें आमचें प्रतिपादन आहे. ह्याची कसोटी ज्यावर घेतां येईल असें एक नृत्य ह्याच महाराष्ट्राच्या पूर्व टोंकास आजही चालू आहे. नवनृत्याचा आणि त्याचा वरकरणी कांहीं संबंध नाहीं. म्हणूनच कसोटीला तें अधिक उपयोगी.

चंद्रपूर जिल्ह्याच्या दक्षिणेस गडचांदूरहून घाट चढून गेलें कीं माणिकगडच्या डोंगरांवरील जिवती तालुक्याचें पठार लागतें. गोंड आणि कोलाम ह्यांचे विखुरलेले गुडे, कापसाचीं आणि ज्वारीचीं शेतें, आणि दुष्काळाच्या काळांत मराठवाड्यांतून येऊन वसलेलीं कुटुंबें, अशी येथील वस्ती. हा मुलूख पूर्वीच्या राजुरा तालुक्याचा भाग. राजुरा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याच्या अदिलाबाद जिल्ह्यांत होता. त्या सालीं तो नांदेडास आणि १९५९ सालीं चांदा जिल्ह्यास जोडला गेला. त्यामुळें राज्याची सीमा आतां ह्या डोंगरांतून जाते, पण सोयरसंबंध आणि सणवार तिला ओळखीत नाहींत. फ्यूरर-हायमेनडॉर्फ ह्या मानवशास्त्रज्ञानें १९४८ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत ज्या राजगोंडांचें वर्णन केलें, त्यांचेच हे भाऊबंद. त्यांची दिवाळी म्हणजे दंडारी. झाडीपट्टींत 'दंडार' नांवाचा जो लोकनाट्याचा प्रकार आहे त्याशीं हिची गल्लत करूं नये.

दिवाळीच्या सुमारास गुड्यागुड्यांतून दंडारीच्या टोळ्या निघतात आणि दुसऱ्या गांवीं पाहुण्या म्हणून जातात. ढोल, गुमेला, तुडुम वाजतात. पेपऱ्याचा सूर प्रधान वाजवितात, जे गोंडांचे परंपरागत भाट. टोळींत टिपऱ्यांचे नाच करणारे तरुण असतात, मुलीचा वेष घेतलेला पोर असतो, आणि सर्वांत लक्ष वेधून घेणारा असतो गुसाडी. कोणी त्याला घुसाडीही म्हणतात. त्याच्या डोक्यावर शेंकडों मोरपिसांचा प्रचंड मुकुट, त्यांत हरणाचीं शिंगें बसविलेलीं. चेहऱ्यावर खोट्या दाढीमिशा, अंगाला राख, खांद्यावर कातडें, गळ्यांत मण्यांच्या माळा, कमरेला आणि पायांना घुंगुर, हातांत सोटा. हा साज एकदां अंगावर चढला कीं तो माणूस आपला राहत नाहीं. त्याच्या ठायीं देवाचा वास आहे असें सर्व मानतात. सण संपेपर्यंत तो स्नान करीत नाहीं. निजतो तो जमिनीवर. त्याच्या सोट्याचा स्पर्श दुखणाऱ्या अंगाला गुण देतो, अशी श्रद्धा आहे. यजमान गांव पाहुण्यांना जेवूं घालतें, रात्र जागते, जुन्या सोयरिकींना उजाळा मिळतो आणि नव्या सोयरिकींची बोलणीं निघतात. शेवटीं कोलाबोडीच्या दिवशीं पूजा होऊन साज उतरतो, गुसाडी स्नान करतो, आणि दुसऱ्या दिवशीं तो पुन्हां कापूस वेंचावयास जातो.

आतां ह्या नृत्याला आत्माविष्काराचें माप लावून पाहावें. गुसाडीला स्वतःविषयीं कांहींच सांगावयाचें नाहीं. त्याचा चेहरा झांकलेला, त्याचें नांव त्या दिवसांपुरतें मिटलेलें. मुकुटाच्या भारामुळें त्याला मान हवी तशी डोलावितां येत नाहीं. म्हणून सर्व चैतन्य खांद्यांत, कमरेंत आणि गुडघ्यांत उतरतें, पाऊल आंखूड पडतें आणि जमीन दाबून पडतें. भरताच्या अर्थानें त्यांत शोभा पुष्कळ आहे, पण शोभेसाठीं तें केलेलें नाहीं. धनंजयाच्या अर्थानें त्यांत पदाचा अभिनयही नाहीं. आणि तरीही रात्रीच्या उजेडांत तो पिसांचा मुकुट माणसांच्या डोक्यांवरून हलत येऊं लागला कीं अंगावर शहारा येतो, आणि 'ह्याचा अर्थ काय' हा प्रश्न कोणी विचारीत नाहीं. तें नृत्य बोलतें. काय बोलतें? हें गांव त्या गांवाचें देणें लागतें; आम्ही आलों आहोंत, तुम्ही आहांत, देव आपल्यामध्यें आहे. एका माणसाच्या अंतरंगाहून हें कितीतरी मोठें बोलणें आहे, आणि तें बोलण्यासाठीं त्या माणसाला आपलें अंतरंग कांहीं काळ बाजूस ठेवावें लागलें आहे.

विगमनचा मुखवटा, ग्रॅहमची नळी, बर्धनांच्या बाहुल्यांचे ताठ सांधे, चंद्रलेखांचा संथपणा, आणि गुसाडीचा मुकुट. ह्या पांच गोष्टी एका रांगेंत ठेवल्या म्हणजे आमचें म्हणणें स्पष्ट व्हावें. शरीराला सर्व कांहीं करावयाची मुभा असली कीं तें सवयीचेंच करतें. तेंच हातवारे, त्याच गिरक्या, तेंच जमिनीवर लोळणें. त्याची एक वाट बंद केली कीं दुसरी वाट शोधतांना तें असें कांहीं बोलून जातें जें नर्तकाला स्वतःलाही आधीं ठाऊक नव्हतें. आविष्कार होतो तो ह्या अडलेल्या वाटेंतून. फरक इतकाच कीं गुसाडीचें व्रत त्याला समाजाकडून आणि देवाकडून मिळतें, आणि नवनर्तकाला तें स्वतः निर्माण करावें लागतें. नवनर्तकाचें काम म्हणूनच अधिक कठीण आहे. त्याला देवही व्हावें लागतें आणि देवाचा भक्तही.

ह्या दृष्टीनें पाहिलें असतां शहरांतील वाईट नवनृत्य आणि जिल्ह्याच्या गांवांतील वाईट गुसाडी ह्यांचा दोष एकच असल्याचें दिसून येईल. शाळेच्या स्नेहसंमेलनांत, पुढाऱ्याच्या स्वागताला, महोत्सवाच्या उद्घाटनाला गुसाडीचीं दहा मिनिटें मागविलीं जातात. प्लॅस्टिकचीं पिसें येतात, पेपऱ्याऐवजीं ध्वनिमुद्रित गाणें वाजतें, मुकुट हलका असल्यामुळें मानेला वाटेल तसे झटके देतां येतात, आणि नाचणारीं मुलें प्रेक्षकांकडे पाहून हंसतात. तीं गोड दिसतात, त्यांचा दोष कांहींच नाहीं; पण ज्या हंसण्यावर टाळी पडते तेंच हंसणें त्या नृत्याचा घात करतें, कारण गुसाडीला चेहरा नसतो. तिकडे शहरांत एखादा नृत्यदिग्दर्शक 'आदिम प्रेरणां'च्या शोधांत तेंच पीस उचलतो आणि आपल्या मुक्त शरीराला लावतो. दोघांनींही पीस घेतलें आणि व्रत टाकलें. सिगारेटच्या जाहिरातीवरून नाचणाऱ्या राधेपासून आम्ही फारसे पुढें आलों नाहीं, असेंच म्हणावें लागतें.

येथें एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. रंगमंचानेंच ह्या नृत्याला मान मिळवून दिला, हें खोटें आहे काय? सीमेपलीकडील मार्लवाईचे कनकराजू ह्यांनीं इंदिरा गांधींच्या काळांत गुसाडी दिल्लीच्या प्रजासत्ताकदिनाच्या संचलनांत नेली. त्यांनीं तरुणांना तें शिकविलें. २०२१ सालीं त्यांना पद्मश्री जाहीर झाली. २०२४ च्या ऑक्टोबरांत ते वारले. त्यांच्या गौरवानें डोंगरांतील ज्या मुलाला आपल्या आजोबांच्या मुकुटाची लाज वाटत होती त्याला ती वाटेनाशी झाली असेल, तर त्या गौरवाला तुच्छ लेखणारे आम्ही कोण? हा आक्षेप आम्ही मान्य करतों. रंगमंच निषिद्ध आहे असें आमचें म्हणणें नाहींच. दिल्लीहून परतलेली टोळी कार्तिकाच्या तोंडावर पुन्हां पायीं शेजारच्या गुड्यांत जात असेल, तर दिल्लीनें तिचें कांहीं नेलें नाहीं. पण गांवोगांव जाणें थांबलें आणि केवळ बोलावणीं उरलीं, तर ज्याचा गौरव झाला तें उरलेंच नाहीं, असें समजावें. आणि हें थांबण्याचीं कारणें नृत्याच्या बाहेरचीं आहेत, हेंही विसरून चालणार नाहीं. पाहुण्यांची सबंध टोळी जेवूं घालावयाची तर घरांत धान्य हवें. आठवडाभर व्रत करावयाचें तर मजुरी बुडवितां आली पाहिजे. गरिबी वाढली कीं प्रथम देवाचे दिवस कमी होतात.

दुसरा आक्षेप असा कीं, धार्मिक विधीला आम्ही कलेचें माप करीत आहों. ज्याची कोणत्याही देवावर श्रद्धा नाहीं अशा नर्तकानें काय करावें? त्याला आमचें उत्तर वर येऊनच गेलें. मार्था ग्रॅहमच्या नळींत कोणताही देव नव्हता. व्रत म्हणजे आपण होऊन स्वीकारलेलें आणि निदान त्या प्रयोगापुरतें न मोडावयाचें बंधन. कवीला वृत्त आहे, गवयाला राग आहे; पंचम वर्ज्य केल्यानें मालकंस दरिद्री झाला असें कोणी म्हणत नाहीं. नवनर्तकानेंही आपला वर्ज्य स्वर ठरवावा आणि तो पाळावा, एवढीच अपेक्षा.

मग त्या शेजारच्या खुर्चीवरील सद्गृहस्थांना काय सांगावें? त्यांनीं अर्थ विचारूं नये असें नाहीं. पण आधीं एक दुसरा प्रश्न विचारावा. ह्या नर्तकानें काय वर्ज्य केलें आहे, आणि तें पाळल्यामुळें त्याच्या शरीराला कोणती नवी वाट सांपडली आहे? ह्या प्रश्नाला रंगमंचावरून उत्तर मिळूं लागलें तर खांदा हलविण्यासारखी क्षुल्लक गोष्टही पाहावीशी वाटेल, आणि अर्थ हळूहळू आपल्या पायांनीं चालत येईल. उत्तर मिळालें नाहीं तर माहितीपत्रकांतील कितीही मोठ्या शब्दांना न भितां घरीं जावें. आपली रसिकता कमी पडली असा संकोच बाळगूं नये.

आणि ज्यांना सवड असेल त्यांनीं एखाद्या दिवाळींत गडचांदूरचा घाट चढून जावें. मात्र तेथें प्रेक्षक म्हणून जाण्यांत अर्थ नाहीं, कारण दंडारीला प्रेक्षक नसतात. असतात ते यजमान आणि पाहुणे. गांवच्या पाटलाला विचारून जावें, बसावयास सांगतील तेथें बसावें, पानांत पडेल तें खावें, आणि गुसाडी समोर आला तर छायाचित्राचें यंत्र बाजूस ठेवून हात जोडावे. पाहणाऱ्यालाही एक व्रत असतें, तें तेथें न सांगतां कळतें. मग मुंबईस परतून एखाद्या नवनृत्याला बसलें म्हणजे समोरचा नर्तक कांहीं पाळतो आहे कीं नुसता हलतो आहे, हें ओळखावयास फार वेळ लागणार नाहीं.